मेलबर्नच्या गल्ल्यांमधली कॉफी

मंगळवार

विमान दुपारी उतरलं. ऑक्टोबर म्हणजे मेलबर्नचा वसंत. ऊन लख्ख होतं, पण वारा असा की शालीशिवाय उभं राहवेना. भाची आणि जावई न्यायला आले होते. दोघं टार्निटला राहतात. शहराच्या पश्चिमेचं हे नवं उपनगर भारतीयांनी गजबजलेलं आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात थालीपिठाची भाजणीसुद्धा मिळते.

घरी पोचून आंघोळ केली, पोहे खाल्ले आणि चार वाजता म्हटलं, "चल गं, पहिली कॉफी आजच होऊन जाऊ दे."

"मावशी, आता कुठलं दुकान उघडं असणार? मशीन धुऊन सगळे घरी गेले असतील. उद्या सकाळी सहाला म्हण, म्हणशील तिथे नेते."

पुण्यात कॉफीची दुकानं संध्याकाळी भरतात. कॉलेजं सुटतात, ऑफिसं सुटतात, मग गप्पा रंगतात. इथे सगळा कारभार सकाळचा. सहा-साडेसहाला शटर वर, दुपारी तीन-चारला बंद. बांधकामावर जाणारा कामगार, रात्रपाळी संपवून निघालेली नर्स आणि कोर्टात निघालेला वकील एकाच रांगेत उभे राहतात. कामाच्या दिवसाची सुरुवात म्हणून या शहराने कॉफी धरली आहे, आणि म्हणूनच ती चांगली असावी याबद्दल लोक आग्रही आहेत.

मी इथे भाचीला भेटायला आले हे खरं, पण मनात एक प्रश्न घेऊन आले होते. स्टारबक्स या अमेरिकन कॉफी-दुकानांच्या साखळीने २००० साली ऑस्ट्रेलियात पाऊल टाकलं. २००८ मध्ये त्यांची देशभरात ८४ दुकानं होती आणि त्याच वर्षी त्यांतली ६१ एकदम बंद झाली. जगात इतक्या ठिकाणी रुजलेली साखळी इथे का रुजली नाही? त्याच रस्त्यांवर, त्याच भाड्यात एकट्यादुकट्याची दुकानं कशी टिकली? घरी रोज सकाळी हाताने बिया दळणाऱ्या बाईला हा प्रश्न पडणारच. गजर लावून झोपले.

बुधवार

टार्निटहून सदर्न क्रॉस स्टेशनला गाडीने आलो. तिथून पुढे शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे. २०१५ पासून तसा नियमच आहे. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर उतरलो आणि रस्ता ओलांडून डेग्रेव्हज स्ट्रीटमध्ये शिरलो.

ही गल्ली पाहिल्यावर आधी वास जाणवतो, मग गर्दी, आणि मग लक्षात येतं की दुकानं म्हणजे जेमतेम एकेका खोलीची जागा. दोन्ही बाजूंनी टेबलं बाहेर आलेली, मधून माणसांनी चालायचं. पुढे तशीच सेंटर प्लेस ही आणखी अरुंद गल्ली. मोठ्या इमारतींच्या पाठीमागे माल उतरवण्यासाठी, कचरा न्यायला या गल्ल्या ठेवलेल्या होत्या. १९८०च्या दशकात शहराचा मध्यभाग संध्याकाळनंतर ओस पडायचा. १९९२ मध्ये नगरपालिकेने 'पोस्टकोड ३०००' नावाची योजना आणली, लोकांनी पुन्हा शहरात राहायला यावं म्हणून. माणसं राहायला आली आणि या मागच्या गल्ल्यांना गिऱ्हाईक मिळालं. छोट्या जागेचं भाडं एकट्या माणसाला झेपण्यासारखं. मोठ्या साखळीला इतक्या लहान जागेत हातपाय पसरता येत नाहीत. माझ्या प्रश्नाचा एक धागा पहिल्याच सकाळी हाती लागला.

भाचीने मागवण्याची पद्धत शिकवली. "नुसतं 'कॉफी' म्हणायचं नाही हं मावशी." काळी हवी असेल तर लाँग ब्लॅक. त्यात आधी गरम पाणी ओततात आणि वरून एस्प्रेसो (यंत्राच्या दाबाने काढलेली दाट कॉफी), त्यामुळे वरचा सोनेरी फेस मोडत नाही. दुधाची हवी असेल तर फ्लॅट व्हाइट, लाटे किंवा कॅपुचिनो. आणि मेलबर्नची स्वतःची म्हणून एक मॅजिक. रिस्ट्रेटो म्हणजे एस्प्रेसोचा आखूड, दाट घोट. तो दुप्पट घ्यायचा, लहान कपात ओतायचा आणि दूध कपाच्या पाऊण भागापर्यंतच भरायचं. मी मॅजिक घेतली. पहिल्या घोटात दूध मागे राहिलं आणि कॉफी पुढे आली. साखरेची आठवणही झाली नाही.

एक गोष्ट मराठी वाचकांना आधीच सांगून ठेवते. ही कॉफी आपल्याला कोमट वाटते. आपल्याला वाफाळती लागते. इथे दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवतात, कारण त्याच्या पुढे गेलं की दुधाचा अंगचा गोडवा कमी होतो आणि उकळल्या दुधाचा वास वर येतो. "एक्स्ट्रा हॉट" मागितली तर देतात. पण एकदा त्यांच्या पद्धतीने पिऊन बघा असं मी आग्रहाने म्हणेन.

दहा वाजता भाची ऑफिसला गेली आणि मी बर्क स्ट्रीटने चढण चढत वर निघाले. स्प्रिंग स्ट्रीटवर विधानभवनाच्या समोर विंडसर हॉटेलची भव्य इमारत आहे. १८८४ साली बांधलेलं हे ग्रँड हॉटेल. दोनच वर्षांत ते दारूबंदी चळवळीचे पुढारी जेम्स मन्रो यांच्या कंपनीने विकत घेतलं, त्याचा दारूचा परवाना सोडून दिला आणि नाव ठेवलं ग्रँड कॉफी पॅलेस. अशी कॉफी पॅलेसेस तेव्हा मेलबर्नमध्ये उभी राहत होती. दारू नाही, पण थाट मोठ्या हॉटेलचा. त्यातलं सगळ्यात दिमाखदार फेडरल कॉफी पॅलेस १८८८च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी कॉलिन्स स्ट्रीटवर बांधलं होतं. १९७३ मध्ये ते पाडलं. जुन्या फोटोंमध्ये त्याचे मनोरे पाहिले की जीव हळहळतो. ग्रँडमध्ये १८९७ साली पुन्हा दारू आली. दारूला पर्याय म्हणून कॉफी लोकांच्या गळी उतरवायचा तो प्रयत्न फार चालला नाही. कॉफी रुजली ती पुढे, आवड म्हणून.

ती आवड कुणी आणली हे पाहायला चार पावलांवरच जायचं होतं. बर्क स्ट्रीट ६६, पेलेग्रिनीज एस्प्रेसो बार. लाल निऑनची पाटी, आत लांबच लांब काउंटर, आरशांच्या भिंतीला लागून गोल स्टुलं. १९५४ साली लिओ आणि विल्डो या पेलेग्रिनी भावांनी हे दुकान काढलं. शहरातल्या पहिल्या काही एस्प्रेसो यंत्रांपैकी एक इथे आलं. मिलानच्या अकिल गाजियाने १९४८ मध्ये दांडा ओढून पाण्यावर जोरदार दाब देणारं यंत्र बाजारात आणलं, आणि कॉफीच्या कपावर तो दाट फेस, क्रेमा, पहिल्यांदा दिसला. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांनी आलेल्या इटालियन माणसांनी ती यंत्रं आणि ती सवय दोन्ही इथे आणली.

काळही त्यांना धार्जिणा होता. व्हिक्टोरिया राज्यात १९१६ ते १९६६ अशी पन्नास वर्षं दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. काम सुटलं की लोक घाईघाईत ढोसायचे आणि सहानंतर शहरात बसायला जागाच उरायची नाही. बायकांना तर त्या गुत्त्यांच्या मुख्य बारमध्ये बसायची सोयच नव्हती. अशा शहरात इटालियन लोकांनी दिवे लावलेली, यंत्राची वाफ निघणारी, रात्रीपर्यंत उघडी दुकानं काढली. मला हे फार मोलाचं वाटतं. या शहराला एस्प्रेसो दुकानातल्या माणसांच्या हातून मिळाला, आणि त्या माणसांची नावं लोकांना ठाऊक होती. साखळी आली तेव्हा शहर जवळजवळ पन्नास वर्षं एस्प्रेसो पीत होतं. तिला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

१९७४ पासून पेलेग्रिनीज सिस्टो मालास्पिना आणि निनो पांग्राझिओ या दोघांनी चालवलं. गळ्यात रुमाल बांधून काउंटरवर उभे राहणारे सिस्टो शहराच्या ओळखीचे होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये बर्क स्ट्रीटवरच्या हल्ल्यात त्यांचा जीव गेला. वार करणारा माणूस ज्या गाडीतून उतरला ती जळत होती, आणि सिस्टो मदत करायला पुढे धावले होते. सरकारी इतमामाने त्यांचा अंत्यविधी झाला. दुकानाच्या दारात लोकांनी फुलांचा ढीग रचला होता. कॉफी विकणाऱ्या एका माणसासाठी राज्याने असा शोक केला, हे वाचलं होतं तेव्हापासून मला त्या काउंटरशी उभं राहायचं होतं. एस्प्रेसो घेतली. कडक, कडवट, जुन्या वळणाची. इथे फळांच्या चवी शोधायच्या नाहीत. दोन घोटांत संपवायची आणि पुढच्याला जागा द्यायची. जाताना कलिंगडाचा ग्रॅनिटा, म्हणजे बर्फाळ सरबत, प्या, तो यांच्याकडचा खास आहे.

गुरुवार

लिटल बर्क स्ट्रीट आणि लिटल विल्यम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पॅट्रिशिया आहे. वकिलांच्या कचेऱ्यांचा हा भाग. शनिवार-रविवारी हे दुकान बंद असतं, म्हणून आजचा दिवस राखून ठेवला होता. बसायला जागा नाही. आतमध्ये उभं राहायचं किंवा बाहेर दुधाच्या क्रेटवर टेकायचं. यादी तीन शब्दांची आहे. ब्लॅक, व्हाइट, फिल्टर (आपली दाक्षिणात्य नव्हे, नुसती गाळलेली काळी कॉफी). बस.

मी रांगेत होते तेवढ्यात पुढच्या तिघांना विचारावंही लागलं नाही. दारातून आत येताना त्यांचा चेहरा दिसला की कप हातात घेतला जात होता. माझी पाळी आली तेव्हा काउंटरमागच्या मुलाने विचारलं, सकाळपासून काय प्यायलात? काहीच नाही म्हटल्यावर म्हणाला, मग आज फिल्टर घ्या, ती पोटात आधी गेलेली बरी. सोबत सोड्याच्या पाण्याचा छोटा ग्लास, जीभ स्वच्छ करायला.

स्वतंत्र दुकान कशाला म्हणायचं हे मला तिथे उभं राहून उलगडलं. लहान जागा, लाकडी फळ्या, हाताने लिहिलेली पाटी हे कुणीही करू शकतं, साखळीसुद्धा करते. ज्या दुकानात काय विकायचं आणि काय विकायचं नाही हे काउंटरमागचा माणूस ठरवतो, आणि कप बिघडला तर तोच समोर उभा असतो, ते स्वतंत्र. पॅट्रिशियाने यादी तीन शब्दांवर आणली म्हणजे तीस गोष्टी नाकारल्या. तो नकार ज्याला परवडतो त्याच्याकडेच लोक विश्वासाने येतात. साखळीला कुणालाच नाकारता येत नाही.

तिथून त्याच रस्त्याने चालत गेलं की ब्रदर बाबा बुडन लागतं. हे नाव पाटीवर वाचताना अंगावर काटा आला. दहा-बारा माणसं मावतील एवढी खोली, आणि वर पाहिलं तर छताला लाकडी खुर्च्या लटकवलेल्या, डझनांनी. खाली बसायला मात्र थोड्याच.

बाबा बुडन आपल्याला परके नाहीत. सतराव्या शतकातले सूफी फकीर. हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून त्यांनी कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. अरब व्यापारी उगवू शकणारी बी देशाबाहेर जाऊ देत नसत, म्हणून लपवाछपवी. त्या डोंगराला बाबाबुडनगिरी म्हणतात. तिथल्या गुहेला दत्तपीठ मानून दत्तभक्त जातात, आणि दर्गा म्हणून मुसलमानही जातात. आमच्या घरी दत्ताची उपासना आहे, त्यामुळे लहानपणी मी आजोबांबरोबर तिथे गेले होते. उतारावर सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झुडपं, खोडांवर मिरीचे वेल. त्या वेळी कॉफीत मला काडीचा रस नव्हता. आजोबा तेवढे थांबून एकेका झाडाला हात लावत होते.

काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, बाबा बुडन ज्या डोंगरात राहिले तो मी पाहिलाय. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. गुहा कशी आहे, तिथे आज कॉफी होते का, वरपर्यंत गाडी जाते का, एकामागून एक प्रश्न. मागे रांग होती, पण रांगेतलेही ऐकत होते. साडेपाच हजार मैलांवरच्या गल्लीत, जिथे चिकमगळूर कुठे आहे हे नकाशावर दाखवावं लागेल, तिथे रोज सकाळी शेकडो माणसं त्या फकिराचं नाव घेऊन कॉफी मागतात. आमच्याकडे किती दुकानांवर ते नाव आहे?

याच मंडळींचं आणखी एक ठिकाण कार्लटनमध्ये बर्कली स्ट्रीटवर आहे, त्याचं नाव सेव्हन सीड्स. जुन्या गोदामात थाटलेलं दुकान, विद्यापीठ जवळच. दुपारी तिथे जेवले. फळीवर पिशव्या मांडलेल्या, प्रत्येकीवर देश, शेतकऱ्याचं किंवा सहकारी संस्थेचं नाव, झाडाची जात, उंची, सोलून धुतलेली की फळासकट वाळवलेली, आणि भाजल्याची तारीख. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे मॉलमधल्या बरण्यांवर वापरण्याची अंतिम तारीख असते, भाजल्याची नसते.

शुक्रवार

पाऊस. सकाळी ऊन, दहाला गारा, अकराला पुन्हा ऊन. एका दिवसात चार ऋतू असं इथले लोक म्हणतात ते खरं आहे.

कॉलिंगवुडमध्ये एका छोट्या भाजणीत, म्हणजे कॉफीच्या बिया भाजतात त्या जागी, लोकांसाठी चव घेण्याचा कार्यक्रम होता. त्याला कपिंग म्हणतात. ज्यांना कॉफी आवडते आणि जे मेलबर्नला जातील त्यांनी बाकी काही नाही केलं तरी हे करावं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लांब टेबलावर वाट्या मांडलेल्या असतात, प्रत्येक कॉफीच्या काही वाट्या. दीडशे मिलिलीटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम कॉफी असं ठरलेलं माप. आधी कोरड्या भुकटीचा वास घ्यायचा. मग गरम पाणी ओततात आणि चार मिनिटं कुणी हात लावत नाही. वाटीच्या तोंडावर जाड साय धरते. चार मिनिटांनी चमच्याच्या पाठीने ती साय मोडायची आणि त्याच क्षणी नाक वाटीजवळ न्यायचं. सगळा सुगंध त्या एका क्षणात बाहेर पडतो. वरचा गाळ काढून टाकला की थोडं निवू द्यायचं आणि चमचा तोंडाशी धरून जोरात सुर्र करून ओढायचं. जेवढा आवाज मोठा तेवढं चांगलं, कारण हवेबरोबर कॉफी सगळ्या जिभेवर आणि टाळूवर पसरते. आवाज न करता खायच्या-प्यायच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला पहिले दोन चमचे जड जातात.

इथिओपिया, केनिया, कोलंबिया आणि शेजारचा पापुआ न्यू गिनी अशा कॉफ्या होत्या. केनियाची वाटी तोंडात गेली आणि मी कागदावर लिहिलं, करवंद. काळं, पिकलेलं, उन्हात तापलेलं, चिकाची किंचित तुरट आठवण ठेवणारं. भाजणाऱ्या बाईंच्या कागदावर ब्लॅककरंट होतं. ते फळ मी कधी खाल्लेलं नव्हतं आणि त्यांनी करवंद पाहिलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडून नाव लिहून घेतलं, फोनवर चित्र शोधलं आणि फळ्यावर केनियाच्या पुढे इंग्रजी अक्षरांत 'करवंद' लिहून ठेवलं. चव घ्यायला परक्या फळांची नावं पाठ करावी लागत नाहीत, आपल्या रानातली चालतात, हे मला पुण्याच्या मुलामुलींना सांगायचंच आहे.

नंतर भाजणी पाहिली. हिरवी बी साधारण १९६ अंशांना पहिल्यांदा तडकते, तो आवाज कान देऊन ऐकतात. त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत सगळं ठरतं. लवकर काढली तर मातीची, फळांची चव राहते. जास्त भाजली तर भाजण्याचीच चव राहते. हजारो दुकानांत एकसारखी चव द्यायची असेल तर काळसर भाजावं लागतं, म्हणजे कुठल्या शेतातली बी आहे हा फरकच पुसला जातो. छोट्या भाजणीवाल्याला एकसारखेपणाची गरज नाही. या महिन्याची बी संपली की पुढच्या महिन्यात वेगळी चव, आणि गिऱ्हाईक त्यासाठीच येतं.

भारतीय कॉफी तुम्ही घेता का, असं विचारलं. या वर्षी घेतलेली नाही, नमुने आले तर नक्की चाखू, असं उत्तर आलं. आपली बरीचशी कॉफी परदेशी जाते आणि तिचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक इटली आहे. तिथे आपली रोबस्टा जातीची कॉफी मिश्रणात घातली जाते, क्रेमा दाट व्हावा म्हणून. म्हणजे आपली बी जगभर प्यायली जाते, पण निनावी. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने तयार केलेली एस ७९५ सारखी जात, सावलीत वाढलेली, नाव लावून या फळ्यांवर दिसायला हवी. मला याची मनापासून तळमळ वाटते. चिखलदऱ्यालाही कॉफी होते, हे किती मराठी लोकांना माहीत आहे?

शनिवार

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट. १८७८ पासूनची मंडई. सोमवारी आणि बुधवारी बंद असते, हे लक्षात ठेवा. भाची आणि जावई दोघंही आले होते. जावयांना कॉफीचं वेड नाही. ते १९५० पासून उभ्या असलेल्या गाडीवरचे गरम जॅम डोनट खायला आले होते. मीही खाल्ले, फार चांगले लागतात.

मंडईला लागून मार्केट लेनचं दुकान आहे. यांनी २००९ मध्ये प्रहरान मार्केटमध्ये सुरुवात केली. मंडईत कॉफीचं दुकान काढण्यामागचा विचार मला पटतो. भाजी जशी हंगामाची घेतो तशी कॉफीही हंगामाची घ्यावी, ताजी घ्यावी, कुणाच्या शेतातली ते विचारून घ्यावी. इथे सरबतासारखी सिरपं नाहीत. घरी नेण्यासाठी दोन पिशव्या घेतल्या. मुलीने विचारलं, घरी कशात करता, पाणी जड आहे का, दूध घालता का. मग तिनेच एक पिशवी बदलून दिली.

शनिवार-रविवारी बिलावर दहा-पंधरा टक्के जास्तीचे लावल्याची पाटी बऱ्याच दुकानांत दिसते. सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याला कायद्याने जास्त मजुरी द्यावी लागते, म्हणून. एक कप साडेपाच-सहा डॉलरला पडतो, तेव्हा आपल्या मनात लगेच रुपयांचा हिशेब सुरू होतो. पण त्या पैशांत काउंटरमागच्या माणसाचं घर चालतं. इथे बरिस्ता, म्हणजे कॉफी करणारा, हा आयुष्यभर करायचा पेशा असू शकतो. २०२२ची जागतिक बरिस्ता स्पर्धा याच शहरात झाली आणि अ‍ॅक्सिल या मेलबर्नच्या भाजणीतल्या अँथनी डग्लस यांनी ती जिंकली. आपल्याकडे कॉफी करणारा पोरगा कॉलेज संपेपर्यंत टिकतो, मग दुसरी नोकरी धरतो. त्याला हात बसेपर्यंत तो गेलेला असतो. दुकानं कितीही सुंदर सजवली तरी ही गोष्ट बदलल्याशिवाय कप सुधारणार नाही.

रविवार

फुटस्क्रे टार्निटच्या वाटेवरच आहे. व्हिएतनामी भाजीबाजार, आणि त्याला लागून इथिओपियन खाणावळी. कॉफीचं मूळ घर इथिओपिया, आणि त्या घरची माणसं मेलबर्नच्या एका उपनगरात दुकान चालवतात, तेव्हा तिथे गेल्याशिवाय परत फिरणं मला शक्यच नव्हतं.

एका बाईंनी आमच्यासमोर हिरव्या बिया धुतल्या आणि लहान तव्यावर भाजल्या. धूर निघायला लागल्यावर तवा उचलून एकेकाच्या समोर आणला. हाताने धूर स्वतःकडे ओढून घ्यायचा. आपण निरांजनावर हात फिरवून चेहऱ्याला लावतो तसा हात आपोआप गेला. भाची म्हणाली, "मावशी, आरती घेतलीस." बाई हसल्या. मग बिया कुटल्या, जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळली. कोपऱ्यात धूप पेटवला. खायला लाह्या. आपल्या देवघरातला वास आणि लाह्या, आणि मध्ये कॉफी.

कान नसलेल्या छोट्या वाट्यांत उंचावरून न थांबता धार धरून ओततात. फेऱ्या तीन. पहिलीला त्यांच्या भाषेत 'अबोल' म्हणतात, ती सगळ्यात कडक. त्याच गाळावर पाणी घालून दुसरी, तोना. तिसरी बरका, पातळ, आणि ती आशीर्वादाची मानतात, म्हणून ती सोडून उठायचं नसतं. यात सगळा मिळून दीड तास गेला. बुधवारी पेलेग्रिनीजमध्ये दोन घोटांत संपलेली गोष्ट इथे अर्धी दुपार पुरली. दोन्हीकडे करणारी व्यक्ती समोर होती आणि कुणाला काय हवंय हे तिला कळत होतं.

बाईंनी विचारलं, भारतात कॉफी होते का? मी बाबा बुडन सांगितले. येमेनहून बिया आल्या म्हटल्यावर त्यांनी हात वर केला. "येमेनला आमच्याकडून गेली." मग भिंतीवरच्या नकाशाशी जाऊन त्यांनी बोट ठेवलं ते इथिओपियाच्या नैऋत्येच्या डोंगरांवर, तांबडा समुद्र ओलांडून मोखापर्यंत आणलं आणि माझ्याकडे बघून थांबल्या. पुढचं बोट मी ठेवलं. जावई, ज्यांना कॉफीचं वेड नाही, त्यांनी तिसरी फेरी मागून घेतली.

सोमवार

विमान दुपारी होतं. सकाळी भाचीने टार्निटमधल्या तिच्या नेहमीच्या दुकानात नेलं. नव्या वसाहतीतली चार दुकानांची ओळ, शेजारी औषधांचं दुकान, समोर पार्किंग. चालवणारं जोडपं पंजाबी. सहा वाजून गेले होते आणि चमकत्या पिवळ्या जाकिटातले कामगार रांगेत. बाईंनी भाचीचा कप न विचारता लावला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आंटीजी, आप?"

मॅजिक मागितली. त्यांनी भुवया उंचावल्या, नवऱ्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून करून दिली. बिया कुठल्या, असं विचारलं तर चार मैलांवर भाजणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं, आणि तो दर गुरुवारी स्वतः पोचवायला येतो हेही. कप चांगला होता. दूध किंचित जास्त तापलं होतं, आणि ते त्यांनी मी बोलायच्या आत स्वतःच सांगितलं.

ब्रन्स्विकच्या सिडनी रोडवरची तुर्की कॉफी आणि लायगन स्ट्रीटवरची जुनी इटालियन दुकानं राहिली. भाचीने ती तिच्या वहीत लिहून ठेवलीत. पिशव्यांवर गेल्या मंगळवारची भाजल्याची तारीख आहे. मुलीने सांगितलंय, दहा दिवस उघडू नका, वायू निघून जाऊ दे, मग चव बसते. शनिवारी सकाळी सातला उघडणार आहे. पुण्यात जे असतील त्यांनी आपापली वाटी आणि चमचा घेऊन या.